इमान या शब्दाचे दोन अर्थ : युद्धकैद्यांवरील माहितीपट पाहताना

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका छोटेखानी सभागृहात 'द हाफ मून फाइल्स' हा माहितीपट पाहण्याचा योग आला. फिलिप शेफ्नर या जर्मन दिग्दर्शकाने २००७ साली केलेला हा माहितीपट पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी शिपायांविषयी आहे. खेळ संपल्यावर रिवाजाप्रमाणे चर्चा झाली. श्रोत्यांतले एक वयस्क गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारले, "बाकी सगळं समजलं. पण यातले जे मुसलमान शिपाई होते, ते शेवटी इमानी कोणाशी राहिले? इंग्रजांशी, जर्मनांशी, की तुर्कस्तानच्या खलिफाशी?" गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. दोन-चार माना आमच्याकडे वळल्या, हेही ओघानेच आले. आम्ही काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. घरी परतताना मात्र त्या प्रश्नापेक्षा त्यातला एक शब्दच डोक्यात घोळत राहिला.

'इमान' हा शब्द मराठीने अरबी-फारसीकडून घेतला आणि घेताना त्याचा रोख बदलला. मराठीत इमान असते ते धन्याशी. कुत्रा इमानी असतो, गडी इमानी असतो, माणूस इमानेइतबारे चाकरी करतो आणि फितूर झाला की बेइमान ठरतो. आमच्या घरांत हाच शब्द निराळ्या अर्थाने कानावर पडतो. तिथे इमान म्हणजे अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, किताबांवर, रसुलांवर आणि आखिरतवर असलेला विश्वास. घरातली म्हातारी माणसे दुआ मागतात ती खातमा इमानावर व्हावा म्हणून. मराठी मुसलमान हे दोन्ही अर्थ एकाच जिभेवर वागवतो आणि त्याची सहसा गल्लत होत नाही. त्याच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याची मात्र होते. युद्धकैद्यांवरच्या माहितीपटांत ही गल्लत फार ठळकपणे दिसते. कैद्याचे शस्त्र, पलटण, पगार सगळे काढून घेतले की त्याच्याजवळ श्रद्धा तेवढी उरते. मग तिच्यावरूनच त्याच्या निष्ठेचा अंदाज बांधण्याचा मोह पहारेकऱ्याला होतो आणि शंभर वर्षांनी कॅमेऱ्यालाही होतो. १९०७ च्या हेग करारानेच युद्धकैद्याला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती. पण त्या मोकळिकीचा कोणी काय उपयोग करून घेतला, हा इतिहास वेगळा आहे आणि आमच्या वाट्याला तोच आला आहे.

प्रथम त्या छावणीची हकिकत. १९१४ च्या नोव्हेंबरात उस्मानी सुलतानाने जिहादचा पुकारा केला. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले होते. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वसाहतींत कोट्यवधी मुसलमान राहत होते, त्यांना चिथावले तर शत्रूचे घर आतून पेटेल, असा हिशेब माक्स फॉन ओपनहाइम या जर्मन मुत्सद्द्याने मांडला. त्यानुसार बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथे वसाहतींतून आलेल्या कैद्यांसाठी एक खास छावणी उभारण्यात आली. तिचे नावच 'अर्धचंद्र छावणी'. उत्तर आफ्रिकेतले, हिंदुस्थानातले असे हजारो कैदी तिथे होते, आणि हिंदी कैद्यांत मुसलमानांबरोबर हिंदू, शीख, गुरखेही होते. स्वयंपाकघरे वेगवेगळी, मांस हलाल, सणावारांना सवलत. कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचे पत्र हिंदी आणि उर्दूत निघे. भोपाळचे मौलाना बरकतुल्ला यांच्यासारखे देशाबाहेर पडलेले क्रांतिकारक कैद्यांचे मन वळवायला येत. आणि १३ जुलै १९१५ रोजी, रमजानच्या पहिल्या तारखेला, छावणीत एक लाकडी मशीद खुली करण्यात आली. वर घुमट, बाजूला मिनार. जर्मनीच्या भूमीवर बांधली गेलेली ही पहिली मशीद.

या कैद्यांचे आवाज टिकून आहेत, ते एका वेगळ्याच कारणाने. विल्हेल्म डोगेन नावाचे भाषातज्ज्ञ ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन छावण्या-छावण्यांतून हिंडले. आयतीच जमा झालेली जगभरची माणसे आणि त्यांच्या बोली यांचा संग्रह करावा, ही कल्पना. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. शेफ्नरचा माहितीपट सुरू होतो तो या तबकड्यांपासून. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई कर्ण्यासमोर उभा राहून मिनिट-सव्वा मिनिट बोलला. तो स्वतःची गोष्ट परक्याची म्हणून सांगतो. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात होता, दूध पीत होता, मग गोऱ्यांच्या लढाईत आला आणि जर्मनांनी धरला. आता त्याला घरी जायचे आहे. बस, एवढेच.

शेफ्नरचे मोठेपण असे की तो हा आवाज ऐकवताना पडद्यावर चित्र भरत नाही. पडदा काळा राहतो आणि प्रेक्षकाला मुकाट ऐकावे लागते. आवाज आहे पण चेहरा हाती लागलेला नाही, हे तो लपवत नाही. छावणीची जी छायाचित्रे आणि चित्रफिती उपलब्ध आहेत त्या कोणी घेतल्या आणि कशासाठी, हा प्रश्न तो सोडत नाही. मशिदीसमोरचे नमाजी, कुर्बानीचे बकरे, हसणारे पगडीवाले यांची पोस्टकार्डे छापून विकली जात होती. कैद्यांना सिनेमांत वसाहतींतली गर्दी म्हणूनही उभे केले जाई. दिग्दर्शक पुरावा पुढे ठेवतो आणि त्या पुराव्यावर बसलेला प्रचाराचा हातही दाखवतो. आपल्याकडच्या कितीतरी माहितीपटकारांनी हे शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे जुने छायाचित्र मिळाले की त्यावर सतारीचा तुकडा टाकून काम भागवतात.

एवढे मान्य करूनही आमच्या दोन तक्रारी उरतात.

पहिली तक्रार भुताची. या माहितीपटाचा सांगाडा भूतकथेचा आहे. तबकड्यांतल्या एका कैद्याने माणूस मेल्यावर भूत होऊन कसा फिरतो, याविषयी काही सांगितले आहे. शेफ्नरने त्या कल्पनेचाच धागा धरला. देहाविना उरलेला आवाज म्हणजे भूत आणि सगळे कैदी म्हणजे इतिहासात भटकणारी भुते. कलाकृती म्हणून हा धागा पकड घेतो, यात शंका नाही. पण ज्या छावणीचे नावच अर्धचंद्र, तिथल्या मुसलमान मृताला हे रूपक लावता येते का? आमच्या समजुतीत मेलेला माणूस भटकत नाही. तो बरजखमध्ये असतो आणि कयामतची वाट पाहतो. भटकंती जिवंतांच्या वाट्याला असते. त्यांनी त्याच्यासाठी मगफिरतची दुआ करायची असते, आमच्या कोकणात आणि देशावरही त्याला फातेहा पोहोचवायची असते. व्युन्सडॉर्फजवळ झेरेन्सडॉर्फ येथे हिंदी सैनिकांचे स्मशान आहे, तिथे २०६ जणांच्या नोंदी आहेत. त्यांतले जे मुसलमान, त्यांना शंभर वर्षांत कोणी फातेहा पोहोचवली, हा आमच्या घरातला साधा प्रश्न आहे. दिग्दर्शकाला तो सुचला नाही, कारण 'भूत' या एका कल्पनेत त्याने सर्व धर्मांचे मृत बसवून टाकले. श्रद्धेचा आदर करू पाहणाऱ्या माणसाकडूनही असे होते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती या एकाच माहितीपटाविषयी नाही. ही मशीद प्रचारासाठी बांधली होती, हे आता सर्वज्ञात आहे. बीबीसीवर २०१४ साली डेव्हिड ओलुसोगा यांनी वसाहतींतल्या सैनिकांवर दोन भागांची मालिका केली, तीतही व्युन्सडॉर्फ आहे आणि प्रचाराचा उलगडा चोख केला आहे. ओलुसोगा सहृदय इतिहासकार आहेत, त्यांच्या हेतूबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तरी या सर्व मांडण्यांत मशीद दिसली की निवेदन लगेच ओपनहाइमकडे, कैसरकडे, खलिफाकडे वळते. किती कैदी फुटले, किती नाही फुटले, योजना फसली की साधली, एवढ्यावर विषय संपतो. म्हणजे दादरच्या त्या गृहस्थांचाच प्रश्न, फक्त इंग्रजीतून. बांधणाऱ्याचा हेतू सांगितला की इमारत समजली, असे गृहीत धरले जाते. आत सजदा करणाऱ्याचे काय, हे विचारलेच जात नाही.

जरा हिशेब करून पाहावा. १३ जुलै १९१५. बर्लिनच्या अक्षांशावर जुलैत सूर्य साडेसोळा तास आकाशात असतो. सहरीपासून इफ्तारपर्यंतचा रोजा अठरा तासांच्या पुढे जातो. आपल्या मुंबईत त्याच दिवसांतला रोजा चौदा-साडेचौदा तासांचा. जखमांतून उठलेली, तुटपुंज्या शिध्यावरची, परक्या थंडीने खंगलेली ही माणसे. त्या छावणीत क्षय इतका पसरला की १९१७ साली बहुतेक हिंदी कैद्यांना हवापालटासाठी रुमानियात हलवावे लागले. यांतल्या कोणी त्या वर्षी रोजे धरले? कोणी 'मुसाफिराला सवलत आहे' म्हणून सोडले? ती सवलत कैद्याला लागू होते की नाही, यावर बराकीत वाद झाला असेल का? इमामत कोण करत होता, मोरोक्कोचा मालिकी की पंजाबचा हनफी? हात कुठे बांधायचे आणि आमीन किती मोठ्याने म्हणायचे, यावरून आमच्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मशिदी वेगळ्या होतात. तिथे तर अर्धे जग एका छताखाली आणले होते. ज्याला श्रद्धेविषयी माहितीपट करायचा आहे त्याच्यासाठी खरा ऐवज इथे आहे. कैसरने दिलेल्या मशिदीत कैसरचा हेतू ओळखून असलेला माणूसही पाच वक्त उभा राहू शकतो. त्यावरून त्याने कैसरशी इमान राखले असे ठरत नाही, आणि इंग्रजांशी तोडले असेही ठरत नाही. युद्धानंतर काही काळ बर्लिनचे मुसलमान त्याच मशिदीत जात होते. १९२५-२६ च्या सुमारास ती पाडली गेली. २०१५ साली त्याच जागी निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी खोदकाम झाले तेव्हा तिच्या पायाचे अवशेष वर आले. निवाऱ्याला येणाऱ्यांतही पुष्कळ मुसलमान होते.

आता कोणी म्हणेल, व्युन्सडॉर्फ दूर आहे आणि तिथले हिंदी कैदी बहुतेक उत्तरेकडचे. तर मग आपल्या घराकडे येऊ.

१९१६ च्या २९ एप्रिलला मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडच्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यांत हिंदी शिपाई आणि नोकरचाकर यांचीच संख्या मोठी. ही फौज म्हणजे सहावी, 'पूना' डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नाव मराठा असले तरी त्या काळच्या या पलटणींच्या रचनेत कोकणी आणि दख्खनी मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही एक कंपनी असे. साताऱ्याकडचा, नगरकडचा, घरात दख्खनी आणि बाहेर मराठी बोलणारा मुसलमान शिपाई मराठा पलटणीच्या बिल्ल्याखाली लढत होता, ही गोष्ट आज आमच्याच मुलांना सांगितली तर ती चकित होतात.

या मोहिमेत श्रद्धेची कसोटी कैदेच्या आधीच सुरू झाली होती. १९१५ च्या नोव्हेंबरात ज्या जागी लढाई झाली तिथे हजरत सलमान फारसी यांची मजार आहे आणि गावाचे नाव सलमान पाक. पैगंबरांच्या सहाबींच्या मजारीवर चाल करतो आहोत हे मुसलमान शिपायांच्या मनात येऊ नये म्हणून इंग्रजांनी त्या जागेला टेसिफॉन या प्राचीन नावानेच संबोधले. शिपायांना हे कळले नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. पुढे कुतच्या वेढ्यात अन्न संपत आले तेव्हा घोडे मारण्यात आले. हिंदू आणि मुसलमान दोघांनीही ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून पंडितांच्या आणि मौलवींच्या परवानग्या तारेने मागवल्या गेल्या, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत ते तोंडाला लावले नाही. वेढ्याबाहेरून तुर्कांची पत्रके येत होती, मुसलमानांनो, इकडे या. काही गेले, बरेच गेले नाहीत. शरणागतीनंतर तुर्कांनी मुसलमान कैद्यांना इतरांपासून वेगळे काढले आणि त्यांतल्या अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वागवले. बाकीचे रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर गेले, वाळवंटातल्या चालीतच कितीतरी मेले.

एकाच पलटणीतले दोन शिपाई डोळ्यांपुढे आणावेत, एक दख्खनी मराठा आणि एक दख्खनी मुसलमान. गावाकडे एकाच पाणवठ्याच्या वाटेवरचे, पाच महिने एकाच खंदकात भुकेले राहिलेले. आणि आता कैद करणारा त्यांना सांगतो, तू इकडे, तू तिकडे. जो 'इकडे' गेला त्याच्या ताटात बरे अन्न पडले. त्याने ते कसे गिळले असेल? या एका प्रश्नावर दोन तासांचा माहितीपट उभा राहू शकतो. आमच्या पाहण्यात तो आलेला नाही. कुतवरच्या इंग्रजी माहितीपटांत टाउनशेंड असतो, नदी असते, गोऱ्या सैनिकांचे हाल असतात. हिंदी शिपाई घोड्याचे मांस नाकारतो तेवढ्यापुरता येतो, आणि तेही त्याच्या हट्टीपणाचे उदाहरण म्हणून. मराठीत तर कुत हे नावच फारसे कोणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धाकडे वळले की चित्र पालटते. इथे माहितीपटकार आपलाच आहे. कबीर खान यांनी १९९९ साली 'द फरगॉटन आर्मी' केला, पुढे हिंदी चित्रपटांत नाव काढण्याच्या कितीतरी आधी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे युद्धकैदी झाले. त्यांच्यातूनच आझाद हिंद फौज उभी राहिली. कबीर खान यांनी कर्नल गुरबक्ष सिंग धिल्लन आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल या दोघा वृद्धांना बरोबर घेतले आणि सिंगापूरपासून भारताच्या सीमेपर्यंत तीच जुनी वाट पुन्हा तुडवली. धिल्लन स्वतः सिंगापूरचे युद्धकैदी. लाल किल्ल्यावरच्या खटल्यातल्या तीन आरोपींपैकी शाहनवाज खान १९८३ साली आणि प्रेम सहगल १९९२ साली गेले होते, धिल्लन तेवढे उरले होते. वेळ निघून जाण्याआधी त्यांना कॅमेऱ्यासमोर आणले, हे कबीर खान यांचे ऋण मोठे आहे.

मात्र आझाद हिंद फौजेवरच्या बहुतेक माहितीपटांप्रमाणे इथेही श्रद्धा येते ती गुंफलेल्या हारासारखी. शाहनवाज, सहगल, धिल्लन. मुसलमान, हिंदू, शीख. एक पंगत, एक जयघोष. हे खोटे नाही. इंग्रजी सैन्यातली जातवार, धर्मवार चूल मोडून नेताजींनी सर्वांना एकत्र जेवायला बसवले, ही लहान क्रांती नव्हती. 'जय हिंद' हे अभिवादन रूढ करण्यात हैदराबादच्या आबिद हसन यांचा वाटा होता, हेही आम्ही अभिमानाने सांगतो. आमची अडचण एवढीच की हारातले फूल बोलत नाही. पंगतीत बसलेल्या शिपायाची श्रद्धा पंगतीपुरती नव्हती. फौजेचे ब्रीद होते 'इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी'. इंग्रजीत त्याचे भाषांतर करताना मधल्या शब्दासाठी श्रद्धा या अर्थाचा शब्द वापरतात आणि माहितीपटांच्या निवेदनांतही तोच येतो. पण एतमाद म्हणजे भरवसा, माणसाने माणसावर टाकलेला. ज्याने हे ब्रीद निवडले त्याला इमान हा शब्द माहीत नव्हता असे थोडेच आहे? त्याने तो मुद्दाम बाजूला ठेवला असावा असे आम्हाला वाटते. फौजेला शिपायाकडून भरवसा हवा होता. त्याचे इमान त्याच्याजवळच राहणार होते. ही बारीक समज भाषांतरात नाहीशी होते आणि पुन्हा दोन अर्थांचे कडबोळे होते.

या हारात न बसणारे फूलही होते. कॅप्टन अब्दुल रशीद यांच्यावर लाल किल्ल्यातल्या खटल्यानंतर वेगळा खटला चालला. त्यांचा बचाव मुस्लिम लीगने हाती घेतला आणि त्यात आपण फौजेत गेलो ते मुसलमानांच्या रक्षणासाठी, असा मुद्दा पुढे आला. शिक्षा झाली सात वर्षांची. या बचावावर टीका करायला पुष्कळ जागा आहे आणि आमचीही त्यावर टीका आहे. गंमत अशी की याच रशीद यांच्या सुटकेसाठी १९४६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात हिंदू आणि मुसलमान तरुण एकत्र रस्त्यावर उतरले आणि गोळ्या खाल्ल्या. रशीद यांनी न्यायालयात काय सांगितले याची त्यांनी फिकीर केली नाही. अशा माणसाचे काय करायचे हे माहितीपटांना कळत नाही, म्हणून ते त्याला गाळतात.

त्याच महिन्यात ही गोष्ट आपल्या परळ-लालबागेत आली. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्यांत जेवणाची प्रत होती तशीच आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटकाही होती. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. गेटवेवर लोकांनी खलाशांसाठी अन्न नेले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या आणि परळ, लालबाग, डोंगरीच्या रस्त्यांवर लष्कराने गोळीबार केला. परळला कमल दोंदे गोळी लागून मरण पावल्या. दोन दिवसांत दोनशेहून अधिक माणसे मेली. कबीर खान यांच्या प्रवासाची वाट भारताच्या सीमेवर थांबते. त्या युद्धकैद्यांसाठी ज्या शहराने रक्त सांडले तिथवर कोणी तरी ती पुढे न्यायला हवी होती. परळच्या नाक्यावर मेलेल्या गिरणी कामगाराला धिल्लन कोण, शाहनवाज कोण, हे माहीत होते. कोणत्या धर्माचा कैदी कोणाशी इमानी, हे मात्र त्याने विचारले नव्हते.

आमच्या पिढीने माहितीपट प्रथम पाहिले ते लालबागच्या भारतमातेत, मुख्य चित्रपटाच्या आधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटांतून. लोक त्या वेळात शेंगदाणे आणायला जात. १९७१ च्या युद्धानंतर ९३ हजार पाकिस्तानी आपल्या कैदेत होते, एवढा आकडा तेव्हा सर्वांना पाठ होता. त्या ९३ हजारांनी भारतात दोन-दोन ईदी काढल्या, त्यांविषयी आम्ही कधी कुतूहल दाखवले नाही, हे आज कबूल केले पाहिजे. आमच्यासारख्यांनी असे कुतूहल दाखवणे त्या काळी सोयीचेही नव्हते. उलट बाजूची एक हकिकत मात्र मराठी घरांत आवडीने सांगितली जाते. वैमानिक दिलीप पारुलकर आणि त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कैदेतून निसटले. वाटेत त्यांनी नावे घेतली ती फिलिप पीटर, अली अमीर, हॅरॉल्ड जेकब अशी. दोन ख्रिस्ती आणि एक मुसलमान. अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला ते पकडले गेले. या पलायनाविषयी जे बोलले जाते त्यात साहसाला भरपूर जागा आहे. नाव बदलून परक्याच्या श्रद्धेत काही तास राहणे म्हणजे काय, हे मात्र कोणी खोदून विचारत नाही. अली अमीर म्हणवणाऱ्याला रस्त्यात कोणी नमाजाला बोलावले असते तर? आमच्यातली कितीतरी माणसे १९९२-९३ मध्ये याच शहरात काही दिवस दुसऱ्या नावाने वावरली आहेत. त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

राहता राहिले आमचे खलाशी. मस्जिद बंदरला, गोदीच्या बाजूस, इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांच्या नावांचे पुस्तक आहे, त्याची दुसरी प्रत चितगावला असते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले सारंग, टंडेल, खलाशी, भंडारी पिढ्यान्‌पिढ्या याच गोदीतून जहाजांवर चढले आणि गावजमातीच्या खोल्यांत परतले. जर्मन नौका 'वुल्फ'ने १९१७ च्या फेब्रुवारीत थेट मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले होते, म्हणजे युद्ध त्यांच्या उंबऱ्याशी आले होते. दुसऱ्या युद्धात ब्रेमेनजवळ वेस्टरटिमके येथे व्यापारी जहाजांवरच्या कैद्यांची 'मिलाग नॉर्ड' छावणी होती आणि तिच्यात हिंदी खलाशांचा वेगळा भाग होता. हे लोक शिपाईही नव्हते. त्यांनी कोणत्या राजाची शपथ घेतलेली नव्हती, जहाज कंपनीचा करार तेवढा केला होता. त्यामुळे ते कोणाशी इमानी, हा प्रश्न त्यांच्यापुढे टिकतच नाही, आणि म्हणूनच बहुधा कोणी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले नाही.

बुडालेल्यांची नावे त्या पुस्तकात आहेत. कैदेतून जिवंत परतले त्यांची तिथे असायचे कारण नाही. ते गावी गेले, पुन्हा जहाजावर चढले, म्हातारपणी ओटीवर बसून काही बोलले असतील, आणि आता त्यांतले कोणी हयात असण्याची आशा नाही. त्यांची मुले मात्र आहेत, तीही ऐंशीच्या घरातली. डोंगरीत, माझगावात, दाभोळ-हर्णैकडे, काही आखातात मुलांजवळ. ज्यांच्या घरी अशा आजोबांची खलाशी-पुस्तिका, छावणीतून आलेले कार्ड किंवा त्यांच्या बोलण्याची एखादी जुनी कॅसेट पडून असेल, त्यांनी ती आधी कोरड्या जागी ठेवावी. कोणा तरुणाला कॅमेरा घेऊन जायचे असेल तर त्याने पहिला प्रश्न युद्धाचा विचारू नये. छावणीत किबल्याची दिशा कशी ठरवत होते, सूर्यावरून की ताऱ्यांवरून, आणि ते काम सारंगाकडे होते की इमामाकडे, एवढे विचारावे. दर्यावर्दी माणसाच्या घरात याचे उत्तर कोणाला तरी ठाऊक असेल.